पाण्यावरची साय

पंचफुलाने कागद पाण्यावर पसरला. थोडा भिजू दिला आणि हळूच बरणीच्या काठावरून ओढून घेतला. त्याला चिकटून पांढुरकी साय निघून आली. खाली तीन तांबडे मासे तोंडं वर करून धापा टाकत होते. तिने दुसरा कागद घेतला, मग तिसरा. तेव्हा कुठे पाणी मोकळं झालं आणि मासे खाली गेले.

रोजचंच होतं हे. दळण, पाणी, शेण, म्हैस, मग दिवसभर कापसाची वेचणी, आणि त्यात ही माशांची उठाठेव. मासे दूध देत नाहीत, घर राखत नाहीत, आणि एवढेसे, की कोणी खाणारही नाही. पण जगदेवने गेल्या उन्हाळ्यात ते अकोल्याहून आणले होते, बैलगाडीत बरणी मांडीवर धरून. नवऱ्याची हौस, टाकवत नव्हती. आता तो पुन्हा अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. जाताना एवढंच म्हणाला होता, "बाले सांभाळजो. होळीले येतो."

म्हणून ती त्याच्या बापाला होळीपर्यंत जगवत होती. उकंडराव दसऱ्यापासून बाजेवर होते. मंगरूळच्या वैद्याने नाडी पाहून सांगितलं होतं, पोटात तूप गेलं तरच म्हातारा होळी पाहील. म्हैस आटत आली होती. निघेल तेवढ्या लोण्याचं तूप करून पंचफुला ते सगळं सासऱ्याच्या चार घासांच्या मऊ भातावर ओती. आपण ठेच्याशी भाकर खाई, तीही सासरे जेवल्यावर. आसेगावात कोणती सून सासऱ्याआधी जेवली असती?

ते जेवत असताना त्यांच्याकडे बघायचंही नाही. ताट बाजेपाशी ठेवायचं आणि चुलीपाशी येऊन पाठमोरं बसायचं. उकंडराव फार सावकाश जेवत. मग हाक येई, "झालं वं बाई." ताट चाटूनपुसून लख्ख असे. ते पाहिलं की तिला बरं वाटे आणि ती भाकरीकडे वळे.

दिवाळीत असं नव्हतं. तेव्हा तीन दिवस ताट जसंच्या तसं परत आलं. सासरा उपाशी, मग सुनेच्या घशाखाली काय उतरणार? चौथ्या दिवशी ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. शेजारच्या रंगूबाईने धरून घरी आणली. त्या दिवसापासून, देवाची कृपाच म्हणायची, म्हातारा जेवू लागला. बरणीही त्यांनी तेव्हाच उशापाशी मागून घेतली. "माशायले पाहून जीव रमते," म्हणाले.

जेवण सुधारलं, अंग मात्र काही धरेना. मनगटं काटकीसारखी झाली होती. आणि बरणीवर ही साय येऊ लागली. रंगूबाई म्हणाली, साचल्या पाण्याचा गुण आहे. पंचफुलाने पाणी बदलून पाहिलं. दुसऱ्या सकाळी साय होतीच. चौथा मासा त्यातच मेला.

आज मात्र तिचे हातच उचलेनात.

"मामाजी, मासे नदीत सोडून देऊ काय? माह्यानं नाही होत आता."

उकंडराव एकदम कोपरावर उठले. एवढी ताकद त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

"नको वं बाई. मले लागतात ते."

तिने बरणी परत उशापाशी सरकवली. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय.

वेचणीहून परतली तेव्हा दिवस मावळत होता. काड्या रात्रीच्या दहिवराने अजून ओल्याच होत्या, चूल पेटेना. सायीचे कागद ती भिंतीशी वाळवून पुन्हा वापरी. गावात कागद मिळतो कुठे? त्यातला एक तिने चुलीत कोंबला. कागद भपकन पेटला आणि घरभर तुपाचा वास सुटला.

पंचफुलाने दुसरा कागद नाकाशी नेला. तूप. तिचंच तूप.

तिने भात वाढला, वर तूप ओतलं, ताट बाजेपाशी ठेवलं आणि चुलीपाशी येऊन बसली. या वेळी तोंड फिरवून नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती सासऱ्याला जेवताना पाहत होती.

उकंडराव जेवत नव्हते. चिमटीने ते भाताची शितं उचलत होते आणि बरणीत सोडत होते. अगदी हळू, आवाज होऊ नये असं. शेवटी त्यांनी बोटाने ताट निपटलं, बोट पाण्यात बुडवलं, आणि हाक मारायला तोंड उघडलं. तेव्हा ती समोर उभी होती.

तिच्या डोक्यात राग चढला. दोन महिन्यांचं तूप, दोन महिन्यांची रोज सकाळची झीज. "मामाजी, माशायले काहून चारून राह्यले? तुमच्यासाठी जीव काढून राह्यली ना मी!"

"घास उतरत नाही वं बाई. पाणीबी अडकते."

"मंग मले सांगाचं होतं!"

"सांगतलं असतं तं तू जेवली असती काय?"

पंचफुलाने त्यांच्या मनगटांकडे पाहिलं. होळी फार लांब होती. सकाळी गावातल्या रामधनची बैलगाडी कापूस घेऊन अकोल्याला जाणार होती. त्या गाडीसोबत जगदेवला निरोप धाडायचा, लगेच निघून ये म्हणून, हे तिने तिथेच ठरवलं. मग ती चुलीपाशी गेली. भाकर घेतली, ठेचा घेतला, आणि ताट घेऊन सासऱ्याच्या बाजेसमोर जमिनीवर बसली.

"तूप घे," उकंडराव म्हणाले.

तिने गाडग्यातलं उरलंसुरलं तूप भाकरीवर निपटून घेतलं. पहिला घास रडण्यात अडकला. म्हातारा पाहत होता, म्हणून तिने तो गिळला. मग दुसरा. ती खात राहिली आणि ते एकेका घासाकडे पाहत राहिले. शेवटचा तुकडा तिने ताट पुसून तोंडात घातला. रिकामं ताट त्यांना दिसेल असं तिरपं धरलं.

"झालं, मामाजी."