ओढणी सोडल्यावर

अमिताचा हिशेब सोपा होता: चार वर्षांची दिशा खेळात गुंतली की तिची ऑनलाइन मीटिंग निवांत पार पडणार. डोळ्यांवर ओढणी बांधून पिशवीतली वस्तू ओळखायची. जोडीला सासरे, जयदेव. त्यांनी शिंपला, बटण, लसणीची पाकळी हात लागताच ओळखली. दिशाने आ वासला.

"आता रंग सांगा." ओढणी सोडून तिने खडू समोर धरला.

आजोबांनी खडू चाचपला. नाकाशीही नेला.

"आजोबा, बघून सांगायचं."

"दिसत नाय गो. पन तुज्या आईला बोलू नको," ते कुजबुजले, "होडीवर जाऊ नाय देनार."

शेजारीच बसलेल्या अमिताने ते ऐकून लॅपटॉप मिटला. मीटिंग तिची बुडाली, गुपित त्यांचं फुटलं. रोज हेच आजोबा माशाचे काटे काढून दिशाला भरवायचे, आणि तिच्या घासात आजवर एकही काटा आला नव्हता.