तेवढा एक फोल्डर

"तेवढा एक फोल्डर कॉपी करू नकोस रे," विमलाबाई लेकाच्या खुर्चीला धरून म्हणाल्या.

ऐश्वर्याचा लॅपटॉप सर्वेशच्या पुढ्यात होता. त्यावरचं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, फार जुनं झालेलं, चालता चालता बंद पडायचं. नवीन टाकायचं, पण त्यात मशीनवरचं सगळं पुसलं जाणार, म्हणून आधी सगळ्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, असं सर्वेशने बहिणीला कबूल केलं होतं. ती सकाळीच कोपरहून ठाण्याला वकिलाकडे गेलेली. 'सासर' नावाच्या फोल्डरात तिने नवऱ्याच्या शिव्या, धमक्या, फोनवरच्या बोलण्याची रेकॉर्डिंग, सगळं जपून ठेवलं होतं. घटस्फोटाचा अर्ज त्याच्याच जोरावर उभा होता.

आणि विमलाबाईंना तो अर्जच नको होता. जावई नमला होता, त्याची माणसं बोलणी करायला येणार होती. लेकीचं घर मोडतंय या धास्तीने बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पुरावाच नसला की पोरगी निमूट नांदायला जाईल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"अपग्रेड करताना उडाला म्हणून सांग. मशीनला कोण जाब विचारतंय?" त्यांनी पदर पसरला. "पाया पडते तुझ्या, सर्वेश."

असलं काही आपल्याच्याने होणार नाही, एवढंच पुटपुटून त्याने कॉपी सुरू केली. विमलाबाई रडल्या, भांडल्या, गेलेल्या नवऱ्याची शपथ घालून झाली, शेवटी फरशीवर बसल्या. स्क्रीनवरची पट्टी आपली भरत राहिली.

कॉपी झाली तरी सर्वेश पुढे जाईना. डिस्कवर गेलेलं नीट उघडतंय का, हे पाहिल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, ही त्याची शिस्त. फोल्डरातली हाताला लागेल ती फाइल त्याने डिस्कवरून लावली.

ऐश्वर्याचा दबलेला आवाज आला. "आई, याने मारलंय मला. बाहेरून कडी लावून गेलाय. दादाला पाठव ना."

मग मागे टीव्हीवरची मालिका, आणि तिच्यावर एक घाईतला, वैतागलेला आवाज. "नवरा-बायकोत व्हायचंच एवढंतेवढं. दादाला यात ओढू नकोस. जेव आणि पडून राहा."

"आई, फोन ठेवू नकोस," ऐश्वर्या म्हणाली. पण फोन ठेवला गेला होता.

सर्वेश आईकडे वळला. असा फोन आलेला, हे त्याला आज कळत होतं. विमलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण इतक्या कोरड्या आवाजात बोलू शकतो, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. सर्वेशने फाइल बंद केली.

"करू सुरू अपग्रेड?" त्याने विचारलं.

"थांब." विमलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आधी अजून एक कॉपी काढ. ही हरवली तर?"