गारगोट्या

वीस वर्षं अन्नाशी वैर धरलेली धाकटी पहिल्यांदाच आपणहून म्हणाली, "ताई, मला दवाखान्यात ने." तिचं मन फिरायच्या आत ताईने तिला आणलं. डॉक्टरसाहेबांनी माणूस सोडून काटा बघितला. "एवढ्या वजनाला आम्ही दाखल करत नाही. आणखी उतरलं की या." "खांद्यावरूनच आणते मग," ताई पुटपुटली. धाकटीने जीभ चावली. पूर्वी दाखल व्हायचं टाळायला तिने जाकिटाच्या अस्तरात गारगोट्या शिवल्या होत्या. सवयीने आज तेच घातलं होतं. तिने अस्तर उसवून गारगोट्या टेबलावर ओतल्या, पुन्हा काट्यावर चढली. साहेब चपापले. "इतकी खालावलेली पेशंट आम्हाला झेपायची नाही. शिवाय दुखणं जुनं. बरं होणाऱ्यालाच खाट देतो." धाकटी जाकिटाकडे वळली. ताईने गारगोट्या साहेबांपुढे सरकवल्या. "तुम्हीच सांगा, किती घातल्या म्हणजे ही तुमच्या सोयीची आजारी होते?"