मंजुरी

टीम लीड झाल्यावर मैथिलीचा तो पहिलाच आठवडा होता. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा श्वास मंदावला की अलार्म वाजवणारं सॉफ्टवेअर तिच्या टीमनं तयार केलं होतं.

"मैथिली, चाचणीत दोनदा अलार्म वाजलाच नाही," हर्षल म्हणाला. "कारण सापडत नाहीये. चार दिवस दे."

महिन्यापूर्वी, स्वतः कोड लिहीत असताना, ती यासाठी साहेबांशी भांडली असती. आता साहेब तिच्याकडेच सॉफ्टवेअर हॉस्पिटलला देण्याची तारीख मागत होते.

"पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणत तिनं मंजुरी दिली.

"ठीक आहे, मॅडम." आजवर तो तिला नावानंच हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला.

"बाराही खाटांवर तुमची यंत्रणा सुरू आहे," ती कौतुकानं म्हणाली. "सकाळपासून एकदाही अलार्म वाजला नाही."