तांब्याभर दूध

दूध संस्थेत त्रिंबक लॅक्टोमीटर बुडवून प्रत्येकाच्या दुधातलं पाणी पकडायचा. बायकोच्या पोटाचं मोठं ऑपरेशन आज डॉक्टरांनी पुन्हा पुढं ढकललं. “अंगात प्रतिकारशक्ती नाही, जखम चिघळेल. महिनाभर दूध घेतलं ना?” त्यांनी विचारलं. बायकोनं होकारार्थी मान हलवली. घरी आल्यावर तिच्या तांब्यातलं दूध त्याला पातळ दिसलं. त्यानं पिशवीतला लॅक्टोमीटर काढून त्यात सोडला. तो थेट तळाला टेकला. “निम्मं टँकरचं पाणी हाय,” ती थकून म्हणाली. “दुष्काळात गायीचं दूध आटलंय. चार लिटर भरलं न्हाई तर संस्था पेंड देत न्हाई, म्हणून माझ्या वाटचं कॅनमधी घालते. गाय जगंल कशी?” सकाळी त्यानं तिचा तांब्या निव्वळ दुधानं भरला आणि तेवढंच पाणी कॅनमध्ये ओतलं. संस्थेत सगळ्यांचं दूध तपासलं. स्वतःचं कॅन आलं, तेव्हा लॅक्टोमीटर न बुडवताच झाकण लावलं.