अर्धी वडी

"आज बी अर्धीच खाल्ली तुम्ही," रत्नम्मा ताटाकडं बघत म्हणाली.

"कडू लागतंय गं." सिद्रामप्पानं हात धुतला. "टाकू नको, खाऊन घे."

काळ्या चॉकलेटची ती वडी हैदराबादहून यायची. लेक शिवानी दर महिन्याला डबा पाठवायची. सिद्रामप्पाचं काळीज लई थकलंय, असं लातूरच्या डॉक्टरनं सांगितल्याचं तो बाहेर येऊन बोलला, त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून शिवानीचा एकच हेका, कोकोनं रक्त मोकळं फिरतं म्हणे, रोज एक वडी खायचीच. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या, थोडाफार फायदा होतही असेल, पण ते औषध नाही, फार आशा धरू नका. आशा धरू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय धरणार? रत्नम्मानं वडी धरली.

सिद्रामप्पाचं शिरूर अनंतपाळात भांड्यांचं दुकान. चाळीस वर्षांच्या संसारात रत्नम्मा कधी नवऱ्याच्या आधी जेवली नाही, आणि त्याच्या ताटात उरलेलं तिनं कधी टाकलं नाही. आख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. शिवानीसुद्धा फोनवर तेच विचारायची, "अव्वा, अप्पाच्या ताटातलं टाकून देत न्हाईस ना?"

"अन्न टाकत असतेत का, येडे?"

मग ती अर्धी वडी तोंडात घालायची आणि मनात कुढायची. आजारी माणसाच्या वाटचं आपण गिळून राहिलो, हे तिला खात होतं.

वडी झाली की सिद्रामप्पा तिच्या गुडघ्याची गोळी काढायचा. त्याच्या स्वतःच्या गोळ्या दुकानात असायच्या, सकाळीच घेतो म्हणायचा. हिची गोळी मात्र पाण्याचा तांब्या घेऊन, समोर उभा राहून.

"स्वतःचं बघा की जरा," ती म्हणायची. "गुडघे काय मला मारतेत?"

देवळाची चढण चढताना तो मधेच बसायचा. "थांब गं, मला दम लागला." नेमकं तेव्हाच तिलाही छातीत भरून आलेलं असायचं. एवढी वर्षं एकत्र काढली की दमही एकाच पायरीला लागतो, असं म्हणत ती शेजारी टेकायची.

एकदा तिनं तिथंच हात जोडले. "महादेवा, मला अहेवपणी ने."

जन्मात आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर खेकसला. "असलं परत मागायचं न्हाई." मग उपरण्यानं डोळे पुसत राहिला. मरणाच्या नावानं भ्याले बिचारे, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिला त्याची फार दया आली.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती नवस बोलली. यांचं काळीज सांभाळ, माझे गुडघे खुशाल दुखू दे, मी गोळीला शिवणार न्हाई. त्या दिवसापासून ती गोळी जिभेखाली धरायची आणि नवरा वळला की परसातल्या बेलाच्या बुडाशी पुरायची. ताटातली अर्धी वडीही बंद केली. आख्खी वडी खलबत्त्यात कुटून त्याच्या दुधात घालू लागली.

पहिल्या दिवशी सिद्रामप्पा पेला हातात घेऊन बसूनच राहिला.

"आन् तुला?"

"मला कशाला? काळीज तुमचं थकलंय. प्या गुमान."

तिनं शेवटचा थेंब पोटात जाईपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.

दिवाळी झाल्यावर दोघं एसटीनं लातूरला गेले. या दवाखान्यात सोबतच्या माणसाचीही तपासणी करतात, असं सिद्रामप्पानं पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. नेहमीसारखी दोघांच्या हृदयाची पट्टी काढून झाली. नेहमीसारखंच मग त्यानं तिला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि एकटा आत गेला.

रत्नम्माच्या पावलांवर सूज होती, पण मन हलकं होतं. नवऱ्याच्या तोंडावर तेज आलं होतं. मघाशी एसटीतून उतरून तो तिच्या पुढं चार पावलं चालत होता. नवस फळाला आला म्हणायचा. ते डॉक्टरच्या तोंडून ऐकावं म्हणून ती उठली आणि दारावरच्या हिरव्या पडद्याशी जाऊन उभी राहिली.

"तीन महिन्यांत हृदय फारच ढासळलंय," डॉक्टर म्हणत होते. "आता आपल्या हातात काही राहिलं नाही. मला एकच सांगा, गोळी मध्ये बंद होती का?"

रत्नम्मानं चौकट धरली. सकाळीच घेतो म्हणायचे, आपण एकदा दुकानात जाऊन बघायला पाहिजे होतं. त्यांच्या शब्दावर विसंबून आपणच घात केला.

आत सिद्रामप्पाचा आवाज रडवेला झाला. "एक दिवस चुकली न्हाई, साहेब. रोज जेवण झालं की मी माझ्या हातानं तिच्या हातावर ठेवतो."