उशाशी बेडूक

बेडूक स्वतःचीच कातडी खात होता. अंगावरची ओली, पातळ साल पायांनी ओढून तोंडात कोंबत होता. सुनेने तोंड फिरवलं. सासऱ्यांचा चहा तिने कसाबसा उशाशी ठेवला.

"शी! बाबा, हे नाही हो बघवत मला."

"नको बघूस," सासरे म्हणाले.

अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्द लाळेबरोबरच बाहेर यायचे. ती लाळ ती दिवसभर पुसायची. त्याची तिला कधी किळस वाटली नव्हती. पण हा बोटभर हिरवा प्राणी! लाल डोळे वटारून पेटीच्या काचेला चिकटलेला. खायला जिवंत किडे हवेत, पेटीत सदानकदा ओल हवी, आणि खोलीभर तो कुबट वास. कुठल्याशा दूरच्या पावसाळी जंगलातल्या ओंडक्यांबरोबर तो लाकडाच्या वखारीत आला, आणि तिथे मुकादम असलेल्या सासऱ्यांनी त्याला घरी आणला. आता अंथरुणाला खिळल्यावर दिवसभर त्याच्याशीच बोलत बसायचे.

आज सकाळी बूट घालताना नवरा हळूच म्हणाला होता, "ती ब्याद आज घराबाहेर काढतोय. दुपारी गाडी येईल, तू फक्त दार उघड. बाबांना आत्ताच काही बोलू नकोस."

तिला हायसं वाटलं होतं. मग मनाला चुटपुटही लागली. म्हाताऱ्या माणसाचा तेवढाच एक विरंगुळा, तो गेल्यावर ते खचतील हे तिला कळत होतं. पण किळस ती किळसच. त्याला काय करणार?

दुपारी बेल वाजली. दारात दोन माणसं, सोबत चाकाची खुर्ची.

"अहो, एवढ्याशा बेडकाला खुर्ची कशाला?" तिला हसूच आलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बेडूक नाही ताई. आजोबांना न्यायचंय. वृद्धाश्रमातून आलोय. तुमच्या साहेबांनीच बोलावलंय."

बेडकाची ती कातडी बघूनही तिला एवढी किळस आली नव्हती. आतल्या खोलीत सासरे बेडकाला काहीतरी सांगत होते. तिने दाराची कडी घट्ट धरली.

"इथून कुणी येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही जा."

दार लावलं तोच फोन वाजला. नवराच होता. आवाज अगदी दबका.

"गेली का ब्याद?"

"हो," ती म्हणाली. "सकाळीच गेली. ऑफिसला."